कावळा, फांदी आणि तेवीस तासांनी दिसलेला ठिपका

अवकाशातल्या अल्पजीवी घटनांवर गप्पा मारायला आमची मंडळी महिन्यातून एकदा जमतात. निवृत्त शिक्षक, दोन-तीन अभियंते, कॉलेजची मुलं, एक दंतवैद्य बाई. विषय ठरलेले: फुटणारे तारे, गॅमा-किरणांचे स्फोट, अचानक उजळून विझणाऱ्या वस्तू. कुणी नवीन आलं की पहिल्या बैठकीला मी एकच प्रकरण काढतो. त्यात कुठलाही मोठा शोध लागला नाही. किंबहुना एक मोठा शोध लागता लागता राहिला, आणि तो राहिला म्हणूनच मला ते सांगावंसं वाटतं.

माणसांची नावं मी मुद्दाम टाळली आहेत. संस्था, उपग्रह आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

पार्श्वभूमी

बुधवार, ४ जानेवारी २०१७. भारतीय वेळेप्रमाणे दुपारी ३ वाजून ४१ मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेत (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणाऱ्या) एक थरथर नोंदली गेली आणि तीन मिलिसेकंदांनी, तीन हजार किलोमीटरवरच्या लिव्हिंग्स्टनच्या दुसऱ्या लायगो वेधशाळेत तीच थरथर उमटली. सूर्याच्या साधारण ३१ पट आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली होती. त्यात दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून बाहेर पडली. घटनेचं नाव पडलं जीडब्ल्यू१७०१०४. निव्वळ गोंगाटातून असा संकेत उपजायचा तर सत्तर हजार वर्षांत एकदाही मुश्किलीनं, इतका तो पक्का होता.

एवढा पक्का संकेत, तरी आपोआप जाणारा इशारा त्या दिवशी गेलाच नाही. हॅनफर्डच्या यंत्राच्या अंशांकनाची (मोजमाप जुळवून घेण्याची) स्थिती संगणक प्रणालीत तात्पुरती चुकीची नोंदवलेली होती, त्यामुळे प्रणालीच्या लेखी तो कान बंद होता. लिव्हिंग्स्टनच्या नोंदी डोळ्यांनी चाळताना ही घटना सापडली. दोन्ही यंत्रं ठीक असल्याची खातरजमा माणसांनी केली आणि काही तासांनी जगभरच्या सहकारी खगोलशास्त्रज्ञांना इशारा मिळाला. सुमारे तीस गट कामाला लागले. गॅमा किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सगळ्या खिडक्या उघडल्या गेल्या, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कणसुद्धा तपासले गेले.

पण शोधायचं कुठं? दोनच कान असले की आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढंच कळतं. दोन वेधशाळांमधल्या तीन मिलिसेकंदांच्या फरकावरून आकाशात एक लांबलचक कमान आखता आली. तिचं क्षेत्रफळ अंतिम हिशोबात सुमारे १२०० चौरस अंश भरलं. पौर्णिमेचा चंद्र आकाशातला जेमतेम एक-पंचमांश चौरस अंश व्यापतो. म्हणजे सहा हजार चंद्र मावतील एवढ्या पट्ट्यात काहीतरी शोधायचं होतं, आणि ते काहीतरी आहे की नाही याचीही खात्री नव्हती.

ही खात्री का नव्हती तेही सांगायला हवं. कृष्णविवरांच्या जोडीभोवती वायू नसेल तर विलीनीकरणात उजळायला काही उरतच नाही. सरळ सिद्धान्त सांगतो की अंधारात अंधार मिसळला. पण सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरींचा अगदी पहिला संकेत मिळाला, तेव्हा त्यानंतर ०.४ सेकंदांनी फर्मी उपग्रहाच्या गॅमा-किरण यंत्रात एक क्षीण उसळी दिसल्याचं त्या गटानं मांडलं होतं. इंटीग्रल उपग्रहाला त्या वेळी काही दिसलं नव्हतं. वाद मिटला नाही, मात्र आशा लागून राहिली. कृष्णविवरांच्या मिलनाला उजेडाची जोड देणारा पहिला गट आपला असावा, ही इच्छा २०१७ च्या जानेवारीत बऱ्याच जणांच्या मनात असणार. हे माझं अनुमान. पण माणसं ओळखीची असली की असं अनुमान काढायला फार कष्ट पडत नाहीत.

अडचण

हवाई बेटांवर अ‍ॅटलास नावाची दुर्बीण-योजना आहे. आरसा अर्ध्या मीटरचा, आणि मूळ काम पृथ्वीवर येऊन आदळू शकतील अशा लघुग्रहांवर पाळत ठेवण्याचं. रोज रात्री मोठं आकाश झाडून काढणं हीच तिची ताकद. लायगोच्या पट्ट्यात तिला एक नवा ठिपका सापडला. नाव मिळालं अ‍ॅटलास१७एईयू. लहरींच्या घटनेनंतर तो दिसला सुमारे तेवीस तासांनी, आणि दिसला तोच मुळी विझत चाललेला. पुढच्या तीन रात्रींत तो झपाट्यानं मंदावत गेला.

एक गंमत. हवाईच्या घड्याळात लहरी पोचल्या तेव्हा नुकतीच मध्यरात्र उलटली होती, आणि ठिपका दिसला तेव्हा पुढची मध्यरात्र व्हायची होती. तिथल्या कॅलेंडरवर दोन्ही घटना एकाच तारखेत बसतात. अशा वेळी मनावर काय परिणाम होतो ते वेगळं सांगायला नको.

पट्ट्यात नवे ठिपके सापडणं हे नवीन नव्हतं. २०१५ च्या पहिल्या संकेतानंतर पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या गटानं ४१ दिवसांत ५६ अल्पजीवी वस्तू वेचल्या होत्या. बहुतेक साधे अतिनवतारे, म्हणजे फुटलेले तारे, लहरींशी काडीचा संबंध नसलेले. पण अतिनवतारा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. हा ठिपका तासांच्या हिशोबात विझत होता. वर्णपट घेतला तर त्यात ओळख पटवणाऱ्या रेषा नव्हत्या, सपाट पसरलेला प्रकाश होता. स्विफ्ट उपग्रहाला त्याच जागी क्ष-किरणही दिसले. जागा जुळत होती, वेळ जुळत होती आणि वागणं स्फोटाचं होतं.

आमच्या बैठकीत इथवर आलं की मी थांबतो आणि विचारतो, तुम्ही असता तर काय केलं असतं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता सोडून देण्याचा. कृष्णविवरांतून उजेड निघत नाही असं सिद्धान्त म्हणतो, मग मोठ्या दुर्बिणींचा वेळ कशाला घालवायचा? हा आळशी पर्याय नाही. मोठ्या दुर्बिणीची एक रात्र मिळवायला लोक महिनोन्‌महिने अर्ज करतात, आणि तातडीच्या घटनेसाठी ती घेतली तर दुसऱ्या कुणाचं तरी निरीक्षण बुडतं.

दुसरा पर्याय, ठिपका हाच लहरींचा जोडीदार मानून त्या दिशेनं जोर लावायचा. काही मॉडेलं हाताशी होतीच. २०१५ च्या त्या क्षीण उसळीनंतर कृष्णविवरांभोवती वायू कसा असू शकतो यावर भराभर लेख आले होते. एकदा गोष्ट मनात बसली की तिला पुरावे मिळत जातात, हा अनुभव शास्त्रज्ञांनाही चुकत नाही.

तिसरा पर्याय मधला: ठिपक्याचा कसून पाठपुरावा करायचा, पण लहरींशी नातं आहे हे गृहीत न धरता. तो स्वतः काय आहे हे आधी ठरवायचं. नात्याचा प्रश्न नंतर.

आमच्याकडचे एक गणिताचे निवृत्त सर या टप्प्यावर नेहमी फळ्याकडे जातात. त्यांचा हिशोब असा. गॅमा-किरणांचे स्फोट संपूर्ण आकाशात दिवसाला साधारण एक या दरानं उपग्रहांना दिसतात. आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं. पट्टा १२०० चौरस अंशांचा. भागाकार येतो जवळपास तीन टक्के. म्हणजे लहरींशी कसलाही संबंध नसलेला एखादा स्फोट त्याच दिवशी त्याच पट्ट्यात होण्याची शक्यता शंभरात तीन. ‘तीनच ना!’ असं मुलं म्हणतात. सर म्हणतात, ‘बाळांनो, असे शंभर इशारे येऊ देत, मग तीन ठिकाणी तुम्ही बारसं करून मोकळे व्हाल.’ लायगो आणि तिच्या जोडीदार वेधशाळांच्या यादीत २०२१ अखेर नव्वद घटना जमल्या होत्या. प्रत्येकीचा पट्टा वेगवेगळ्या आकाराचा, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू पडणार नाही. पण सरांचा रोख बरोबर आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, हे आपल्याला म्हणीतून माहीत असतं. एवढ्या मोठ्या झाडावर रोज किती कावळे बसतात ते मात्र कुणी मोजत नाही.

काय केलं

प्रत्यक्षात तिसरा पर्याय घेतला गेला, आणि त्यात पुण्या-मुंबईचा वाटा मोठा होता.

भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं अनेक संस्थांनी मिळून ते बनवलं, आणि त्याच्या माहितीची देखभाल पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत होते. समोरच्या एका लहान तुकड्याकडे रोखून पाहण्यासाठी ते घडवलं गेलं. मात्र साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वरचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, त्याच्या भिंतींना जुमानत नाहीत, आरपार येतात. एरवी याला दोष म्हटलं असतं. इथं त्याचा फायदा करून घेतला: उपकरण कुठंही रोखलेलं असो, पृथ्वीनं अडवलेला भाग सोडून उरलेल्या सगळ्या आकाशातली मोठी चमक त्याला जाणवते. अ‍ॅस्ट्रोसॅट साडेसहाशे किलोमीटर उंचीवर फिरतो. तिथून पृथ्वी सुमारे तीन दशांश आकाश झाकते.

पहिलं काम ठरलेलं होतं. लहरींच्या नेमक्या क्षणी सीझेडटीआयला काही दिसलं का? त्या वेळी पट्ट्यातली ५०.३ टक्के संभाव्यता त्याच्या नजरेच्या टप्प्यात होती. काही दिसलं नाही. चमक असलीच तर ती अमुक मर्यादेहून मंद असणार, अशी कमाल मर्यादा गटानं नोंदवली. इटलीच्या अजाइल उपग्रहाच्या गटानं मात्र लहरींच्या किंचित आधी एक क्षीण खूण दिसल्याचं म्हटलं होतं. फर्मीला तसं काही सापडलं नाही. ‘आम्हाला दिसलं नाही’ हे विधान निम्म्या पट्ट्यापुरतंच भक्कम आहे, ही गोष्ट आकड्यासकट मांडली गेली. नकाराचीही किंमत किती ते सांगायचं असतं. बरेच जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्यानंतरचा. लहरींच्या क्षणापाशी शोध संपवता आला असता. सगळ्यांचं घड्याळ तिथंच लावलेलं होतं: शून्य सेकंद म्हणजे ३ वाजून ४१ मिनिटं. पण ठिपक्याच्या दृष्टीनं ते शून्य कशावरून? अ‍ॅटलासला तो दिसला तेवीस तासांनी. मधल्या तेवीस तासांत काय काय झालं?

सीझेडटीआयचे शोधक चार भागांत विभागलेले आहेत. खरी चमक आली तर चारही भागांतली मोजणी एकदम चढते. एखाद्याच भागात उसळी दिसली तर ती बहुधा यंत्राची कुरकुर. हा पडताळा लावून पाहिल्यावर ५ जानेवारीच्या नोंदींत एक खणखणीत स्फोट दिसतो: जागतिक वेळेनुसार सकाळी ६ वाजून १४ मिनिटं, आपल्याकडे गुरुवारी पावणेबाराचा सुमार. लहरींनंतर वीसेक तासांनी, आणि ठिपका दिसण्याच्या तीनेक तास आधी. चीनच्या थ्यानकोंग-२ अवकाश प्रयोगशाळेवरच्या पोलर उपकरणानं आणि कोनस-विंड या उपकरणानंही तो टिपला होता. त्याचं नाव जीआरबी १७०१०५ए.

त्याच वेळी ग्रोथ या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या दुर्बिणी ठिपक्यामागे होत्या. दृश्य प्रकाश, क्ष-किरण, रेडिओ अशा सगळ्या पट्ट्यांत त्याचा उतार नोंदला जात होता. पृथ्वीवर एका जागी सकाळ झाली की दुसरीकडे रात्र असतेच, या साध्या गोष्टीवर ते जाळं उभं आहे.

मग हा दुसरा योगायोग का मान्य?

एका बैठकीत आमच्या दंतवैद्य बाईंनी मला अडवलं. ‘सर, पहिल्या वेळी जागा-वेळ जुळली तर तुम्ही म्हणालात कावळा-फांदी. आता ठिपका आणि गॅमा स्फोट यांची जागा-वेळ जुळली तर लगेच खरं नातं? हा कुठला न्याय?’

मला इतका नेमका प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता. उत्तर तयार नव्हतं, घरी जाऊन जुळवावं लागलं.

एक म्हणजे विझण्याचा वेग हे स्वतंत्र घड्याळ आहे. स्फोटाची उत्तरदीप्ती, म्हणजे मागे रेंगाळणारा उजेड, काळाच्या एका घातांकानं मंदावते. घातांक १.३ धरू. मग तेज निम्मं व्हायला वय १.७ पट व्हावं लागतं. ठिपका लहरींच्या क्षणी जन्मला असेल, तर दिसला तेव्हा तो तेवीस तासांचा होता; निम्मं व्हायला तो ३९ तासांचा व्हायला हवा, म्हणजे आणखी सोळा तास. गॅमा स्फोटाच्या क्षणी जन्मला असेल, तर दिसला तेव्हा तीन तासांचा. पाच तासांचा झाला की निम्मा, म्हणजे दोनच तासांत. सोळा आणि दोन. हा माझा कच्चा हिशोब आहे. खऱ्या अभ्यासात सगळी निरीक्षणं एकत्र बसवून वक्र मागे नेला गेला. तो लहरींच्या क्षणापाशी जाऊन टेकला नाही, त्याच्या बऱ्याच नंतर, गॅमा स्फोटाच्या सुमाराला टेकला. ठिपक्यानं आपली जन्मवेळ स्वतःच सांगितली, गॅमा उपग्रहांना न विचारता. एक दिवसाची खिडकी अशी तासा-दोन तासांवर आली, आणि सरांचे तीन टक्के त्याच प्रमाणात आक्रसले.

जागेचीही तीच गोष्ट. कोनस-विंड पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आहे, प्रकाशाला तिथं जायला पाच सेकंद लागतात. एकच चमक तिथं आणि पृथ्वीजवळच्या उपग्रहांवर किती फरकानं पोचली यावरून आकाशात पट्टा आखता येतो. लायगोचीच युक्ती, फक्त कान जास्त लांब. ठिपका त्या पट्ट्याशी विसंगत नव्हता.

आणि तिसरं कारण, जे मला सर्वांत जास्त पटतं: या जोडीचं कूळ ठाऊक आहे. हा गॅमा स्फोट दीर्घ आणि मृदू जातीचा होता. दोन सेकंदांहून लांब चालणारे असे स्फोट सहसा अवजड तारा कोसळताना होतात. त्यांच्यामागून क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ अशी उत्तरदीप्ती येते, हे १९९७ पासून पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. ठिपक्याची प्रत्येक सवय त्या घराण्याची होती. कृष्णविवरं विलीन झाल्यावर वीस तास थांबून दीर्घ गॅमा स्फोट होतो, असं कूळ कुणी पाहिलेलं नाही.

बाईंचं समाधान झालं. पूर्ण झालं असं नाही, पण त्या पुढच्या बैठकीला आल्या.

निष्पत्ती

लायगोनं जीडब्ल्यू१७०१०४ ची घोषणा १ जून २०१७ रोजी केली. अ‍ॅस्ट्रोसॅट आणि ग्रोथच्या गटांनी आपला निष्कर्ष मांडला: अ‍ॅटलास१७एईयू ही एका असंबंधित दीर्घ गॅमा स्फोटाची उत्तरदीप्ती, लहरींच्या पट्ट्यात ती पडली हा निव्वळ योगायोग. शोधनिबंधाच्या शीर्षकातच दोन वेगळ्या क्षणिक घटनांची ही कहाणी असल्याचं सांगून टाकलं होतं. ठिपका शोधणाऱ्या हवाईच्या गटानंही तो गॅमा स्फोटाचीच उत्तरदीप्ती असण्याची शक्यता जास्त मानली. कुणाची फजिती झाली नाही. वर्तमानपत्रांत एखादा दिवस बातमी आली, तीही ‘अ‍ॅस्ट्रोसॅटनं शक्यता नाकारली’ अशा थाटाची. नाकारण्याची बातमी होते हेच मुळात विशेष.

अडीच महिन्यांनी, १७ ऑगस्ट २०१७ ला, खरी जोडी मिळाली. दोन न्यूट्रॉन तारे विलीन झाले आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. लहरींचा पट्टा २८ चौरस अंशांचा. सुमारे अकरा तासांत चिलीतल्या एका दुर्बिणीनं एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत प्रकाशाचा ठिपका गाठला. लहरी आणि चमक यांची गाठ योगायोगानं पडण्याची शक्यता दोन कोटींत एक निघाली. आमच्या सरांचे शंभरात तीन शेजारी ठेवून पाहा. सीझेडटीआयला त्या दिवशी काही दिसलं नाही: स्फोट पृथ्वीआड होता. तो नकारही जागा ठरवण्याच्या कामी जुळून आला. पुढे नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीनं या घटनेची रेडिओ उत्तरदीप्ती महिनोन्‌महिने पाहिली.

जानेवारीच्या तालमीचा ऑगस्टमध्ये किती उपयोग झाला हे मोजता येणार नाही. माणसं बरीचशी तीच होती, एवढं खरं.

वेगळं काय करता आलं असतं

आता थोडं शहाणपण, नंतर सुचलेलं.

सरांचा तो भागाकार ठिपका सापडायच्या आधी व्हायला हवा. पट्टा हातात आला की लगेच लिहून ठेवायचं: एवढ्या क्षेत्रात, एवढ्या दिवसांत, या जातीच्या किती असंबंधित वस्तू दिसणं अपेक्षित आहे. ठिपका सापडल्यावर केलेला हिशोब कितीही प्रामाणिक असला तरी त्याला आधीच डोळ्यांसमोर असलेल्या उत्तराचा वास लागतो.

गॅमा उपग्रहांच्या नोंदी शोधताना लहरींच्या क्षणाभोवतीची काही सेकंदं हीच खिडकी धरण्याची सवय होती. ती स्वस्त आणि समंजस सवय आहे. पण दृश्य ठिपका पुढे आला की खिडकीचं दुसरं टोक तिथवर ताणणं हे पहिल्याच तासाचं काम असायला हवं. दुर्बिणीचा वेळ लागतो त्याच्या पासंगालाही न पुरेल इतका कमी खर्च. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या बाबतीत अडचण एवढीच की त्याची माहिती तत्काळ हातात पडत नाही, जमिनीवर उतरून प्रक्रियेतून यावी लागते. त्यामुळे तासाचं काम दिवसावर जातं. संपूर्ण आकाशावर नजर ठेवून स्फोट जागच्या जागी ओळखेल अशा दक्ष नावाच्या मोहिमेचा प्रस्ताव मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकारानं मांडला गेला आहे, तो याच खोळंब्याला उत्तर म्हणून.

गुप्ततेबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. २०१७ मध्ये लहरींचे इशारे करारबद्ध गटांनाच मिळत आणि घोषणेपर्यंत तोंड बंद ठेवावं लागे. कारणं समजण्यासारखी होती, खोटा इशारा जगजाहीर होण्याची भीती होती. पण असा ठिपका ओळखायचा तर गॅमा स्फोटवाले, अतिनवतारावाले, रेडिओवाले सगळेच हवेत, आणि त्यातल्या ज्यांचा करार नाही त्यांना प्रश्नच अर्धवट कळतो. एप्रिल २०१९ पासून इशारे खुले झाले. आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या फोनवरही ते येतात. एकदा तर बैठक चालू असतानाच आला, आणि चहा तसाच गार झाला.

सगळ्यात मोठा फरक मात्र पट्टा लहान होण्यानं पडतो. इटलीतली व्हर्गो वेधशाळा १ ऑगस्ट २०१७ ला सामील झाली आणि दोनच आठवड्यांत, १४ ऑगस्टच्या घटनेत, दोन कानांनी ११६० चौरस अंश आला असता तो पट्टा तिघांनी मिळून ६० वर आणला. सरांचे तीन टक्के त्याबरोबर सातशे भागांत एकावर आले. हिंगोली जिल्ह्यात औंढा इथं लायगो-इंडिया उभी करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले, त्याचं महत्त्व मराठवाड्यातल्या पोरांना मी याच भागाकारातून सांगतो.

त्याच जातीचं, न मिटलेलं

हे प्रकरण संपलं, पण त्याचा भाऊ अजून घरात आहे. २१ मे २०१९ ला सूर्याच्या अनुक्रमे ८५ आणि ६६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं विलीन झाली. सुमारे ३४ दिवसांनी, लहरींच्या पट्ट्यातलं एका दूरच्या दीर्घिकेचं सक्रिय केंद्रक (वायू गिळणाऱ्या महाकाय कृष्णविवरामुळे उजळलेला मध्यभाग) आणखी उजळू लागल्याचं अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ सर्वेक्षणात दिसलं. केंद्रकाभोवतीच्या वायूच्या तबकडीत विलीनीकरण झालं असेल तर असा उजेड निघू शकतो, असा दावा २०२० मध्ये मांडला गेला. विरोधकांचं म्हणणं सोपं आहे: पट्टा शेकडो चौरस अंशांचा, त्यात अशी केंद्रकं हजारोंनी, आणि ती आपली आपण उजळत-मंदावत असतातच.

मी हे बैठकीत मांडलं तेव्हा सर फळ्याकडे निघाले. त्यांना बसवून दंतवैद्य बाईंनी विचारलं, ‘या ठिपक्याची जन्मवेळ कोण सांगणार?’

घातांकानं विझणारी उत्तरदीप्ती इथं नाही. मध्ये सापडलेला गॅमा स्फोट नाही. चौतीस दिवस हा आकडा मॉडेलातून येतो आणि मॉडेल त्या आकड्याभोवती जुळवलेलं आहे. सर खडू हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग तो परत डबीत ठेवला.